पाहण्याचाही एक धर्म असतो



प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना आपण आपल्या विचारांची, शब्दांची आणि कृत्यांची झडती घेतो. डोळ्यांची झडती घेतलीच तर ती एखाद्या आज्ञेपुरती. वाईट नजर टाळली की डोळ्यांचा हिशेब मिटला, अशी आपली समजूत असते. पण दिवसभरात आपण असंख्य गोष्टींकडे पाहतो आणि त्याहून अधिक गोष्टींकडे पाहत नाही. या पाहण्याला आणि न पाहण्याला काही नैतिक मोल आहे का? हात न लावता, शब्द न बोलता नुसते पाहणे चांगले किंवा वाईट ठरू शकते का? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू. त्यासाठी आम्ही एका पाखराची मदत घेतली आहे. ते आपल्या देशात आढळत नाही, आणि त्याच्या अनेक जातींचे वजन आपल्या एका रुपयाच्या नाण्याएवढेच भरते.

हमिंगबर्ड हे त्याचे नाव. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि लगतच्या बेटांवरच आढळतात. आपल्या वाडीत जास्वंदीवर किंवा केळफुलावर लोंबकळणाऱ्या चिमुकल्या पाखराला मुले हौसेने हमिंगबर्ड म्हणतात, पण तो आपला शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांचे कूळ निराळे. दोघेही फुलातला मध पितात म्हणून दोघांची चोच लांब, एवढेच साम्य. उडताना पंखांचा जो गुणगुणाट होतो, त्यावरून इंग्रजांनी त्याला हे नाव दिले. ब्राझीलचे लोक त्याला पोर्तुगीजमध्ये 'बेइजा-फ्लोर' म्हणतात, म्हणजे फुलाचा मुका घेणारा. ज्या भाषेतून आपल्या वसईतील घराण्यांना आडनावे मिळाली, त्याच भाषेतले हे नाव आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

या पाखराच्या देहाची रचना पाहून मन थक्क होते. पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. ते हवेत एका जागी स्थिर राहू शकते आणि चक्क मागच्या मागेही उडू शकते. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जातात. एवढी मोठी वात पेटती ठेवायची तर तेलही तेवढेच लागणार. म्हणून दिवसभर फुलांमागून फुले धुंडाळायची, मधासोबत बारीक किडेही टिपायचे, आणि थंडीच्या रात्री वात खाली करावी तसे शरीराचे तापमान उतरवून निपचित पडून राहायचे. लाल गळ्याची एक जात मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर कुठेही न टेकता उडत जाते. रूफस नावाची तांबूस जात मेक्सिकोहून निघून पार अलास्कापर्यंत पोहोचते आणि उन्हाळा सरू लागला की परत फिरते.

परसातली बाकडी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, पॅटागोनिया नावाचे छोटे गाव आहे. १९७० च्या दशकात वॉली आणि मॅरियन पेटन हे दांपत्य तिथे राहायला आले. त्यांनी परसात फुलझाडे लावली आणि साखरपाण्याच्या बाटल्या टांगल्या. हमिंगबर्ड येऊ लागले. त्यांच्या पाठोपाठ त्यांना पाहायला माणसेही येऊ लागली आणि कुंपणाबाहेरून माना उंच करून डोकावू लागली. आपल्या वाडीच्या कुंपणाशी कुणी अनोळखी माणसे येऊन आत डोकावू लागली तर आपण काय म्हणू, ते ज्याने त्याने मनातल्या मनात म्हणून पाहावे. पेटन दांपत्याने फाटक उघडले. अनोळखी माणसांसाठी परसात बाकडी मांडली, वर सावलीची सोय केली, कोणता पक्षी दिसला ते लिहायला फळा ठेवला. तिकीट नव्हते. एक डबा ठेवलेला असे, त्यावर लिहिले होते 'साखर निधी'. वाटेल त्याने त्यात साखरेपुरते पैसे टाकावेत.

वॉली २००१ साली वारले, मॅरियन २००९ साली. त्यानंतर ती जागा टिकावी म्हणून पक्षिप्रेमी लोकांनी आणि संस्थांनी पैसे उभे केले, आणि २०१४ साली टुसॉन ऑडुबॉन या संस्थेने ती सांभाळायला घेतली. एका घराचे परस आता पक्ष्यांसाठी राखलेली जागा झाले आहे.

त्या भागातील एका धर्मग्रामात उन्हाळ्यात बदली सेवेसाठी आम्ही गेलो होतो, तेव्हा ऑगस्टमधल्या दोन सकाळी आम्ही त्या बाकड्यांवर काढल्या. तिथेही त्या दिवसांत पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला 'मान्सून'च म्हणतात. डोंगर हिरवे झालेले होते. बाकड्यांवर चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा होते, दोन शाळकरी मुली होत्या, दुर्बिणी लावलेली चार-पाच माणसे होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. एखादे नवे पाखरू आले की फक्त बोट उचलले जाई. मिस्सामध्ये पवित्र भाकर उंचावली जाते त्या क्षणी चर्चमध्ये जी शांतता असते, तिची आठवण व्हावी अशी ती शांतता होती.

या पाखरांचा रंग पाहणे हीच एक साधना आहे. नराचा गळा आधी काळा दिसतो. तो मान किंचित वळवतो आणि तोच काळा गळा निखाऱ्यासारखा लाल किंवा जांभळा पेटतो, पुढच्या क्षणी विझतो. या रंगाचे कारण रंगद्रव्य नव्हे. पिसांची बारीक रचनाच अशी असते की विशिष्ट कोनातून ऊन पडले तरच तो रंग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे पाखरू, ऊन आणि पाहणारा यांचा मेळ जमला तरच रंग दिसणार. ऊन आपल्या हातात नाही, पाखरू तर नाहीच. आपल्या हातात थांबणे तेवढे असते.

आणि तिथे भांडणेही पाहायला मिळतात. एका बाटलीला बरीच छिद्रे असतात आणि साखरपाणी सगळ्यांना पुरून उरेल एवढे असते. तरी एखादा तांबूस नर जवळच्या फांदीवर पहारा देत बसतो आणि जो येईल त्याच्या अंगावर धावून जातो. इतरांना हाकलता हाकलता त्याला स्वतःलाच धड प्यायला सवड मिळत नाही. बाकड्यांवर हसू पिकते. आपल्याकडच्या कुणी ते पाहिले असते तर त्याला वाडीच्या बांधावरून चाललेले दावे आठवले असते. पण पाखराला दोष देण्याची घाई नको. संत थॉमस अक्विनास शिकवतात की प्राणी निसर्गाने दिलेल्या प्रेरणेने वागतात, मोकळ्या विवेकाने निवड करत नाहीत. रानात फुलात मध थेंबभरच असतो आणि तो पुन्हा भरायला वेळ लागतो. तिथे आपली फुले राखणे म्हणजे जीव राखणे. ही बाटली माणसे पुन्हा पुन्हा भरतात हे त्या पाखराने कसे ओळखावे? त्याला पाप नाही. बांधावर भांडणाऱ्या दोन भावांना मात्र सगळे ठाऊक असते.

डोळ्यांची हाव

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ती साखरपाण्याची बाटली कुणासाठी टांगलेली असते? खरे उत्तर द्यायचे तर बरीचशी आपल्यासाठी. रानफुले आणि किडे मुबलक असले की पाखराचे बाटलीवाचून भागते. ते हाताच्या अंतरावर यावे, ही इच्छा आपली असते. मग याला दान म्हणावे की आमिष?

इतिहासाकडे पाहिले तर ही शंका अनाठायी वाटत नाही. जॉन गूल्ड हा इंग्लंडमधला एकोणिसाव्या शतकातला नामवंत पक्षितज्ज्ञ. त्याने हमिंगबर्डची शेकडो कातडी जमवली, त्यांत भुसा भरून १८५१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन मांडले. ७५,००० हून अधिक लोकांनी ते पाहिले, खुद्द व्हिक्टोरिया राणीनेही पाहिले. गंमत अशी की तोवर गूल्डने स्वतः एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. तो योग १८५७ साली अमेरिकेत आला. तेव्हा त्याला वाटले, ही पाखरे जिवंतच इंग्लंडला न्यावीत. त्याने काही नेली. त्यांना काय लागते याची त्याला जाण नव्हती, आणि ती फार दिवस जगली नाहीत. त्याच काळात युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्या सजवण्यासाठी ही पाखरे हजारोंनी मारली जात. अमेरिकेत १९१८ सालच्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. गूल्ड दुष्ट होता असे कुणी म्हणणार नाही. त्याला ती पाखरे मनापासून आवडत होती. पण आवडले की आपलेसे करायचे, आणि आपलेसे करणे म्हणजे ताब्यात घेणे, एवढाच अर्थ ठाऊक असला की आवडसुद्धा जीव घेते.

डोळ्यांच्या या भुकेविषयी संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात विचार केला आहे. शिकारी कुत्रा सशामागे धावताना दिसला की आपले लक्ष तिकडे ओढले जाते, घरात बसलो असता पाल माशी पकडते किंवा कोळी आपल्या जाळ्यात माशी गुंडाळतो तेही आपण टक लावून पाहत राहतो, असे ते सांगतात. पाहता पाहता निर्मात्याचे स्तवन मनात येते हे त्यांना मान्य आहे. पण पाहण्याची सुरुवात काही त्या स्तवनासाठी झालेली नव्हती, असे ते स्वतःला बजावतात. सेमिनरीत हा भाग शिकताना पाल पाहण्यात कसले आले पाप, असे वर्गातल्या बहुतेकांना वाटले होते. आज बसमध्ये, घरात, कधी कधी तर मिस्साच्या वेळीसुद्धा मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकत असते. एक चित्र, मग दुसरे, मग तिसरे. कुठे पूर, कुठे लग्न, कुठे अपघात, कुठे नाच. सगळ्यावर तेवढीच नजर आणि सगळ्याचे आयुष्य तेवढेच, दोन क्षणांचे. हे पाहिले की ऑगस्टीन यांची पाल आठवते. त्यांना खटकत होते ते पालीकडे पाहणे नव्हे. काहीही समोर आले की त्याच्यामागे फरफटत जाणारा डोळा त्यांना खटकत होता.

संत थॉमस यांनी या बाबतीत एक उपयोगी भेद केला आहे. जाणून घेण्याच्या इच्छेला वळण असते तेव्हा तो अभ्यासूपणा, आणि तो सद्‌गुण. वळण सुटले की तो दुर्गुण. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे, भोचकपणा. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणारा आणि शेजाऱ्याची विचारपूस करणारा दोघेही शेजाऱ्याकडेच पाहत असतात. फरक कशात आहे, ते आपल्या आयाबायांना तत्त्वज्ञान न शिकताही कळते.

मग पाहणे निर्दोष कसे होते? पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर याचे उत्तर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव निर्माण करतो आणि मग निर्माण केलेल्याकडे पाहतो, आणि ते चांगले आहे असे त्याला दिसते. पाखरे पाचव्या दिवशी निर्माण होतात. माणूस अजून आलेलाच नाही, तो सहाव्या दिवशी येणार आहे. म्हणजे पाखराचे चांगलेपण आपल्या उपयोगावर, आपल्या कौतुकावर किंवा आपण काढलेल्या छायाचित्रावर अवलंबून नाही. आपण पाहण्याआधीच ते पाहिले गेले आहे आणि चांगले ठरले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला आहे. इतर जीवांना देवापुढे स्वतःचे मोल आहे, ते केवळ माणसाच्या वापरासाठी नाहीत, अशी त्यांची शिकवण आहे. ही जाणीव ठेवून पाहणे म्हणजे देवाच्या पाहण्यात सहभागी होणे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपल्याला आकाशातल्या पाखरांकडे पाहायला सांगतो. संत मत्तयने तिथे जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याचा अर्थ ओझरते पाहणे असा नाही. नजर स्थिर करून, निरखून पाहणे असा आहे. तेच क्रियापद शुभवर्तमानांत आणखी दोन हृद्य ठिकाणी येते. श्रीमंत तरुण येशूपुढे गुडघे टेकतो आणि येशू त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती करतो, तिथे संत मार्कने ते वापरले आहे. पेत्राने तीनदा नाकारल्यावर प्रभू वळून त्याच्याकडे पाहतो, तिथे संत लूकने ते वापरले आहे. पाखरू, निराश होऊन निघून जाणारा तरुण आणि कोंबडा आरवल्यावर खजील झालेला मित्र, तिघांसाठी पाहण्याचा शब्द एकच आहे. पाखराकडे असे पाहायला जो शिकला, त्याची नजर माणसाकडे वळली की तीच सवय घेऊन वळते.

बाटली कोण धुणार?

नजर स्थिर झाली हे ओळखायचे कसे? आम्हांला त्याची एक साधी खूण त्या परसात सापडली.

साखरपाण्याची कृती अगदी सोपी आहे. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. मध घालायचा नाही, कारण त्यात बुरशी लवकर धरते. लाल रंग घालायचा नाही, त्याची गरज नसते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. उन्हाळ्यात हे पाणी दोन दिवसांत आंबू लागते, बाटलीच्या कडेला काळी बुरशी चढते, आणि तेच पाणी पाखराच्या जिवावर उठू शकते. म्हणून ज्याने बाटली टांगली त्याने दर दुसऱ्या दिवशी ती उतरवायची, आतून घासायची, गरम पाण्याने धुवायची, पुन्हा भरायची. पाहुणे असोत वा नसोत, बाहेरगावी जायचे असो, कंबर दुखत असो. जमणार नसेल तर न टांगलेली बरी.

त्या सकाळी आम्ही तिथल्या एका स्वयंसेवकाला हे काम करताना पाहिले. त्याने एकेक बाटली उतरवली, लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासली, नाकाशी धरून वास घेतला, पुन्हा घासली. पाखरे त्याच्या कानाशी गुणगुणत होती. त्याचे लक्ष बाटलीच्या तळाकडे होते. बाकड्यावरच्या माणसांनी पाखरांची पुष्कळ छायाचित्रे काढली. त्याचे एकानेही काढले नाही, आणि त्यालाही त्याची आठवण झाली नसावी.

दान की आमिष, या प्रश्नाचे उत्तर त्या ब्रशात आहे असे आम्हांला वाटते. आनंदासाठी बाटली टांगणे यात गैर काही नाही. देवाने डोळे आनंदासाठीही दिले आहेत. पण त्या आनंदाने आपल्या अंगावर एक काम टाकले, आणि आपण ते काम कुणी पाहत नसताना निमूटपणे केले, तर तो आनंद प्रेम झाला. काम टाळून आनंद तेवढा उचलला, तर ती डोळ्यांची हाव. आईबाप बाळाकडे पाहत बसतात तेव्हा त्यांना कोण भोचक म्हणेल? कारण रात्री तीन वाजता उठणारेही तेच असतात.

सरहद्दीवरचे पाणी

इथपर्यंत सारे गोड आहे. पण त्या बाकड्यांवर बसले असता एक अस्वस्थ करणारी गोष्ट विसरता येत नाही. जांभळ्या टाळूचे आणि पांढऱ्या शुभ्र छातीचे जे हमिंगबर्ड पाहायला लोक पॅटागोनियाला येतात, त्याचे मूळ घर मेक्सिको आहे. अमेरिकेत ते जेमतेम सरहद्दीच्या आत येते. त्याला कुणी परवाना विचारत नाही. त्याच सरहद्दीवरून कामाच्या आशेने किंवा जिवाच्या भीतीने माणसेही वाळवंटातून चालत येतात, आणि ॲरिझोनाच्या उन्हात पाण्यावाचून मरतात. गेल्या काही दशकांत अशी हजारो प्रेते त्या वाळवंटात सापडली आहेत.

तिथल्या काही लोकांनी यावर डोळे मिटले नाहीत. २००० साली टुसॉनमध्ये 'ह्यूमेन बॉर्डर्स' नावाची संस्था निघाली. तिचे स्वयंसेवक वाळवंटात पाण्याची पिंपे ठेवतात आणि दुरून दिसावे म्हणून उंच काठीवर निळा झेंडा लावतात. दुसरी संस्था 'नो मोअर डेथ्स'. तिच्या चार स्वयंसेविकांनी ऑगस्ट २०१७ मध्ये राज्याच्या नैर्ऋत्येकडील कॅबेझा प्रिएटा या वन्यजीवांसाठी राखलेल्या प्रदेशात पाण्याचे कॅन आणि उसळीचे डबे ठेवले. परवान्याशिवाय प्रवेश केला आणि सामान टाकून गेल्या, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. फेब्रुवारी २०२० मध्ये वरच्या न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचा त्यांचा हक्क न्यायाधीशांनी मान्य केला. राखीव रानात प्लास्टिक साचू नये, हा नियम चुकीचा नाही, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच रानात वन्य प्राण्यांसाठी पाणवठे राखले जातात. तहानलेल्या हरणासाठी पाणी ठेवणे हे संवर्धन आणि तहानलेल्या माणसासाठी ठेवणे हा गुन्हा, असे चित्र काही काळ तरी उभे राहिले.

यावरून कुणी म्हणेल, "बघा फादर, पाखरांचे लाड करणारे लोक माणसांना विसरतात." हा निष्कर्ष सोपा आहे, पण तो प्रभूच्या शिकवणुकीत बसत नाही. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो आणि तिथून तो माणसाच्या मोलाकडे वळतो. चिमणीकडे पाहू नका, असे तो म्हणत नाही. चिमणीवरून सुरुवात करा आणि तिथेच थांबू नका, असा त्याचा रोख आहे. साखरपाण्याची बाटली आणि निळ्या झेंड्याखालचे पिंप ही एकाच रस्त्यावरची दोन ठिकाणे आहेत. पहिल्या ठिकाणी बाकडे आहे आणि सावली आहे, म्हणून तिथे गर्दी असते एवढेच.

संत लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आठवा. त्याने लाजरसला मारले नाही, हाकलले नाही, त्याचे काही चोरले नाही. लाजरस दाराशी पडून होता आणि त्याने पाहिले नाही. पाताळात गेल्यावर त्याने डोळे वर केले तेव्हा त्याला लाजरस प्रथम दिसला. त्याच्या पापाला दुसरे नाव नाही. न पाहणे हेच ते पाप.

आपल्या दाराशी

आपल्याला ॲरिझोनाला जाण्याची गरज नाही. मार्च उजाडला की आपल्याकडचे ऊनही पाणी मागू लागते. शिंजीर, बुलबुल, चिमण्या नळाच्या गळतीभोवती घोटाळतात. आणि सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असलेले मजूर, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाया, टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या आदिवासी मावश्या आपल्या चर्चच्या फाटकावरूनच जातात. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? पाकिटे आणि ब्लँकेटे वाटताना त्यांच्यापैकी कुणाकुणाचे छायाचित्र मात्र आपल्या मोबाइलमध्ये असेल. छायाचित्र काढावे की नाही, यावर आम्ही नियम घालणार नाही. एवढेच विचारतो, छायाचित्र काढून झाल्यावर त्या माणसाविषयी आपल्या अंगावर काही काम उरले का? उरले असेल तर पाहणे झाले. नसेल उरले, तर जॉन गूल्डच्या काचेच्या कपाटात आपण आणखी एक भर घातली.

या उपवासकाळात डोळ्यांसाठी एक लहानसा नेम करून पाहावा. रोज एका जीवाकडे, पाखरू असो, झाड असो की माणूस, पाच मिनिटे काहीही न मागता पाहायचे. मोबाइल खिशात ठेवून. आणि त्या पाहण्याने जे काम सुचेल ते त्याच दिवशी करायचे. धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमेल, असा आमचा अनुभव आहे.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे येत्या रविवारपासून चर्चच्या आवारात आंब्याखाली पाखरांसाठी दोन पसरट भांडी आणि फाटकाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी पाणपोई सुरू होईल. पाऊस लागेपर्यंत ती चालेल. माठ देण्याची तयारी अनेकांनी दाखवली आहे, त्यांचे मनापासून आभार. माठ आता पुरेसे आहेत. हवी आहेत ती धुणाऱ्यांची नावे. भांडी रोज आणि माठ एक दिवसाआड, सकाळी पहिल्या मिस्सानंतर, आतून हात घालून घासावे लागतील. आठवड्याचा एकेक वार एकेका कुटुंबाने घ्यावा, अशी योजना आहे. वही सॅक्रिस्टीतल्या टेबलावर ठेवली आहे. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.

प्रभू आपले डोळे उघडो आणि हात ओले ठेवो.

आपले,
धर्मगुरू